शेजारी उठला आहे

पुण्याच्या माणसांनी मला पहिल्यांदा मराठी बोलताना ऐकलं तेव्हा ते हसले. त्यात कुचेष्टा नव्हती, हे आधीच सांगतो. लहान पोरानं तोंड भरून मोठ्या माणसाचा शब्द वापरला की घरातले हसतात, तसं ते हसणं होतं. पण माझी पन्नाशी जवळ आलेली, निम्मे केस पांढरे, आणि मला 'सर' म्हणणारी तीन-चार माणसं शेजारच्या खुर्च्यांवर बसलेली. मीही त्यांच्याबरोबर हसलो. कानशिलं मात्र तापली होती.

मी चेन्नईचा. आमचे लोक तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. राहायला एग्मोरला, नोकरी श्रीपेरुंबुदूरला. तिथे गाड्यांना लागणारे इलेक्ट्रॉनिक भाग बनवणारा एक कारखाना आहे, त्याचं नेटवर्क मी सांभाळतो. रोज सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. आमचा कारखाना पुण्याच्या एका कंपनीनं विकत घेतला आणि दोन्हीकडची नेटवर्कं एकमेकांना जोडायचं ठरलं, तेव्हा साहेब मला म्हणाले, "तुम्ही मराठी ना? मग हे काम तुमचंच." मी नको म्हणालो नाही. उलट छाती फुगली. मराठी बोलता येतं म्हणून कुणी मला काही द्यावं, असं या शहरात आजवर घडलं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातला पेपर खाली ठेवला. अप्पा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले कारकून. बायको तमिळ घरातली, मुलगी तमिळ नाहीतर इंग्रजी बोलते. आई गेल्यापासून आमच्या घरात मराठी उरलंय ते फक्त अप्पांत आणि माझ्यात.

"पुण्याचे म्हण्तोस? खास पुण्याचे?" अप्पांनी विचारलं. "हिकडे येणार कीं तें लोक?"

"येतील कधीतरी."

"आले तर घरीं आण. एकदां तिकडचे मनुष्याशीं बसून आपले भाषेंत पोटभर बोलायचें आहे मज. दुसरें कांहीं नको."

अप्पा जन्मात महाराष्ट्रात गेलेले नाहीत. हजारो पार्सलं तिकडे पाठवली, स्वतः जायचं राहून गेलं. रेल्वेचा पास होता, सुट्टी होती, पण तिकडे ओळखीचं कोण? असं म्हणत आयुष्य निघून गेलं. तरी आपण तिकडचेच आहोत आणि तिकडची माणसं आपल्याला ओळखतील, ही त्यांची खात्री कधी ढळली नाही.

आता माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. दोन नेटवर्कं जोडायची म्हणजे दोन्हीकडच्या स्विचांनी, म्हणजे संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात त्या डब्यांनी, एकमेकांना सांगायचं की अमुक संगणकांचे पत्ते माझ्याकडून मिळतील, तमुक तुझ्याकडून. या सांगासांगीच्या पद्धतीला बॉर्डर गेटवे म्हणतात. समोरच्या स्विचला म्हणतात नेबर, शेजारी. पत्त्यांची घराणी दोन. जुनं व्ही-फोर आणि नवं व्ही-सिक्स. गंमत अशी की शेजाऱ्याशी बोलणं जुळलं म्हणून दोन्ही घराण्यांचे पत्ते आपोआप पोचतात असं नाही. प्रत्येक घराण्याखाली जाऊन त्याच शेजाऱ्याला पुन्हा चालू करावं लागतं. ते विसरलं तर स्क्रीनवर संबंध जुळलेला दिसतो, दिवसभर दिसतो, आणि त्या घराण्याचा एकही पत्ता इकडून तिकडे जात नाही. नवी पोरं इथे हटकून चुकतात. मी त्यांना शिकवायचो, त्यामुळे माझी स्वतःविषयी बरीच उंच कल्पना होती.

पहिल्या कॉलवर मी जुनं घराणं सुरू करून दिलं. दोन्ही लिंकवर नेबर अप झाले. पुण्याकडून सात-आठ जण ऐकत होते. मी घसा साफ केला आणि आमच्या घरच्या मराठीत ऐटीत म्हणालो, "अस्की शेजाऱ्यांस उठिवलों. आतां तुम्हीं पाहावें."

तिकडे हसू फुटलं.

"अहो, शेजाऱ्यांना कशाला उठवताय? झोपू द्या की बिचाऱ्यांना!"

"सर, तुम्ही डायरेक्ट बखरीतून बोलताय," दुसरी कुणी मुलगी म्हणाली. "किती गोड!"

त्यांचा मुख्य इंजिनियर माझ्याहून बराच लहान होता. तो म्हणाला, "हसू नका रे. उठला आहे ना शेजारी, मग झालं तर." मला सांभाळून घेणारा तो एकटाच, आणि मला राग आला तो त्याचाच. गोड म्हणणारी परवडली, पण हसू नका म्हणणाऱ्यानं माझं काहीतरी हसण्यासारखं आहे यावर शिक्काच मारला.

त्या दिवसापासून मी सुधारायला घेतलं. कंपनीच्या बसमध्ये कानात इयरफोन घालून पुण्यामुंबईच्या मराठी बातम्या, गप्पा, भाषणं, जे मिळेल ते ऐकायला लागलो. 'मज' गेलं, 'मला' आलं. 'अस्की' गेलं, 'सगळं' आलं. देवनागरी वाचता येत होती, लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून मराठी पुस्तकंही आणली. आता हे जे लिहितोय ते मराठी तेव्हा कमावलेलं आहे. बसमधले लोक म्हणायचे, सार इंग्रजी शिकून इंग्लंडला चाललेत वाटतं.

इथवर ठीक होतं. पण मी घरीही मास्तरकी सुरू केली. अप्पा म्हणाले, "मज पाणी दे," तर मी म्हणायचो, "अप्पा, 'मला' म्हणतात." अप्पांना सुरुवातीला मौज वाटली. "बेस. पुण्याचा मास्तर आला घरांत," ते म्हणायचे आणि पुन्हा 'मज'च म्हणायचे. मी पुन्हा सुधारायचो. आठवलं की आता अंगावर काटा येतो.

ऑफिसात मात्र मी बोलणंच कमी केलं. पुण्याचं बोलणं भराभर असतं, निम्मं पोटात राहतं. न कळलेल्या वाक्याला मी 'हो हो, नक्की' म्हणायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड उघडलं की मूठ उघडणार, म्हणून मूग गिळून बसायचो आणि त्यांना वाटायचं हा फार मितभाषी माणूस आहे.

व्ही-सिक्सचं काम एका रविवारी दुपारी होतं. कारखान्यात पाळी चालू होती, पण माल कमी होता. जुन्या घराण्याची उरलेली जोडणी सुरळीत पार पडली. तिकडून मुख्य इंजिनियर म्हणाला, "मस्त झालं. आता व्ही-सिक्स सोडा. जेवून घेऊ, मग बोलू."

आमच्या ऑफिसात तमिळमध्ये 'रूट विडु' म्हणतात. रूट सोड, म्हणजे रस्ता खुला कर. शेतात पाणी सोडतात तसं. दिवसातून दहादा कानावर पडणारा शब्द. 'सोडा'चा दुसरा अर्थ, म्हणजे राहू द्या, जाऊ द्या, तो मला माहीत नव्हता असं मुळीच नाही. तमिळमध्येही तो आहे, आमच्या घरातही आहे. दोन्ही अर्थ मी आईच्या मांडीवर शिकलोय. यातला कुठला, एवढंच विचारायचं होतं. पण विचारायचं तर सात-आठ जणांसमोर मराठीत एक अख्खं वाक्य जुळवायला हवं होतं, आणि पुन्हा कुणी गोड म्हणालं असतं तर?

मी नव्या घराण्याखाली शेजाऱ्याला चालू केलं. "सोडलं," म्हणालो.

"हो, सोडा सोडा," तो म्हणाला आणि जेवायला गेला. मीही डबा उघडला.

दहीभात संपायच्या आत कारखान्यातून फोन आला. भागांवर चिकटवायची लेबलं छापणं बंद पडलं होतं; त्यांचे नंबर आता पुण्याच्या सर्व्हरवरून यायचे. दोन्ही घराण्यांचे रस्ते दिसले की आजकालचे संगणक आधी नव्या रस्त्यानं जातात. लाईनवरचे सगळे संगणक मी सोडलेल्या रस्त्यानं पुण्याच्या दाराशी जाऊन थडकत होते, आणि पुण्यानं ते दार अजून उघडलंच नव्हतं. ते जेवणानंतर उघडायचं होतं. मी धावत लाईनवर गेलो. पट्टा थांबलेला. निळ्या कोटातल्या मुली हात बांधून उभ्या. सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. पाळी सुटेना म्हणून बाहेर बसचे ड्रायव्हर खोळंबलेले. मी परत पळत येऊन शेजाऱ्याला चालू करणारी ती एक ओळ काढली आणि पट्टा हलला.

मग कॉलवर उलगडा झाला. "अहो, सोडा म्हणजे राहू द्या हो!" इंजिनियर म्हणाला. पलीकडे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही भर बाजारात.

सोमवारी मोठ्या साहेबांसमोर चौकशी झाली, इंग्रजीत. मी काही बोलायच्या आत पुण्याचा तो इंजिनियर म्हणाला, चूक माझी, माझं वाक्य संदिग्ध होतं. साहेबांनी ते मान्य केलं आणि विषय मिटला. नंतर त्यानं मला फोन केला. "तुम्हाला नीट कळलं नव्हतं तर विचारायचं ना," तो अगदी साधेपणानं म्हणाला. "पुढच्या वेळी मीच येतो तिकडे. समोरासमोर बसून करू." मी हो हो, नक्की म्हणालो.

तो येणार हे अप्पांना माझ्या बायकोकडून कळलं. अप्पांनी तिला पोळी करायला सांगितली. आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणाचीच. पांढरा सदरा इस्त्रीला गेला. मी म्हणालो, "अप्पा, त्यांना वेळ नसतो हो. काम झालं की लगेच विमान." अप्पा म्हणाले, "काफी पिण्यापुरतां तरी वेळ असेल कीं. विचारून पाहा."

मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे अप्पांनाही सांगितलं नाही. मला अप्पांची लाज वाटत होती. हे वाक्य मी कितीदा लिहिलं आणि खोडलं, पण त्याला दुसरा शब्द नाही. मी घासूनपुसून नवं मराठी अंगावर चढवलं होतं, आणि अप्पांनी तोंड उघडलं की ते कुठून आलंय हे त्या माणसाला दिसणार होतं. 'अस्की शेजाऱ्यांस उठिवलों' म्हणणारा मी पुन्हा त्याच्यासमोर उभा राहणार होतो.

काम एका दुपारीच झालं. दोघं एका टेबलाशी बसलो, त्यानं पुण्याचं दार उघडलं, मी नवं घराणं चालू केलं, पत्ते आले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती, विमान संध्याकाळचं. समुद्र बघायचाय आणि ताजे मासे खायचेत, असं तो म्हणाला. मला आयतंच सापडलं. मी त्याला कंपनीच्या गाडीनं कोवलमला नेलं; केरळातलं नव्हे, आमच्या चेन्नईजवळचं. होड्या दाखवल्या, मासळीचा लिलाव दाखवला, बसस्टॉपजवळच्या टपरीवर तळलेले मासे खायला घातले. मी शाकाहारी, शहाळं घेऊन बसलो. तो उठायला लागला की मी म्हणायचो, अजून एक प्लेट घ्या हो. दिवस कोवलमलाच संपावा एवढाच माझा बेत होता.

परत निघालो आणि गाडीत अप्पांचा फोन आला. फोन स्पीकरला जोडलेला होता, माझ्या लक्षात यायच्या आत अप्पांचा आवाज गाडीभर झाला. "निघालांत कीं? आम्हीं वाट पाहातों आहों. पोळी गरम आहे."

इंजिनियर माझ्याकडे वळला. "वडील? अहो, बोलला नाहीत! चला की, विमानाला वेळ आहे."

अप्पा दारातच उभे होते. इस्त्रीचा सदरा, धोतरासारखी नेसलेली स्वच्छ वेष्टी, कपाळाला गंध. "यावें, यावें. बसावें," ते म्हणाले. "प्रवासांत त्रास झाला नाहीं कीं?"

"अप्पा विचारतायत, प्रवास कसा झाला," मी म्हणालो.

"हो, कळलं मला," तो हसून म्हणाला. "छान झाला, काका."

अप्पांचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. ते बोलायला लागले. आमचे लोक कसे आले, कुठल्या गल्लीत राहिले, पार्सल ऑफिसात पुण्याचं लेबल दिसलं की ते ती पेटी स्वतःच्या हातानं कशी ठेवायचे. मी दर वाक्यामागे धावत होतो. 'अप्पांना म्हणायचंय की', 'म्हणजे ते असं म्हणतायत'. मराठीचं मराठीत भाषांतर करत होतो. पाहुण्याला सगळं कळत होतं. तो उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि माझंच काहीतरी मध्ये पडायचं. अप्पा एकदा थांबले, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे वळले.

"मज एक विचारायचें होतें," ते म्हणाले. खूप दिवस जपून ठेवलेली गोष्ट काढावी तसा त्यांचा आवाज झाला. "भिंतींत दिवा ठेवायास खण असतो ना, त्यास आमचे घरांत 'देवळी' म्हण्तात. तुमचेकडेही म्हण्तात कीं? कां आम्हींच उरलों म्हणणारे?"

"तसं आता कुणी म्हणत नाही हो, अप्पा," मी म्हणालो. आणि हसलो. पुण्याची माणसं मला हसली होती ना, तसाच हसलो.

अप्पा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. ते चिडले नाहीत. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं, एवढंच दिसलं. मग ते पाहुण्याकडे वळले आणि पार्सल ऑफिसातल्या इंग्रजीत म्हणाले, "यू विल टेक कॉफी, सर?"

"काका, म्हणतात की," पाहुणा घाईनं सांगायला लागला, "आमच्या गावाकडे अजून..."

"शुगर इज ओके, सर?"

त्यानं आणखी दोनदा प्रयत्न केला. मराठीत विचारलं, मराठीत सांगितलं. अप्पा प्रत्येक वेळी नम्रपणे इंग्रजीत उत्तर देत राहिले. हवामान, विमानाची वेळ, पोळीत तूप किती. निघताना तो वाकून त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो, काका." अप्पा म्हणाले, "थँक यू फॉर कमिंग, सर. माय सन विल ड्रॉप यू."

विमानतळाच्या रस्त्यावर तो म्हणाला, "देवळी आमच्याकडे सर्रास म्हणतात. माझी आई म्हणते. मला बोलूच दिलं नाहीत तुम्ही." मी गाडी चालवत राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते काय असतं ते मला सिग्नलला उभं असताना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन अप्पांच्या समोर बसलो. मुद्दाम घरच्या मराठीत, जसं लहानपणी बोलायचो तसं, म्हणालो, "अप्पा, तें मनुष्य म्हण्त होतें, देवळी अजून म्हण्तात तिकडे. त्यांची आई म्हण्ते."

अप्पांनी मान वर केली. "अप्पडिया?" ते म्हणाले. असं का? मग घड्याळाकडे बघून, "बस्सुक्कु नेरमाच्चु." बसची वेळ झाली.

अप्पांनी माझ्याशी तमिळमध्ये बोलण्याची ती पहिली वेळ. मला वाटलं, दोन दिवसांत राग निवळेल. पण राग असला तर निवळणार ना. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात, थट्टा करतात, औषधं आणायला सांगतात, सगळं तमिळमध्ये. मी मराठीत विचारतो, ते तमिळमध्ये उत्तर देतात. बायकोला यात काही वावगं वाटत नाही, तिच्या लेखी घर आता अधिक सोपं झालंय. मधे मी अप्पांना मुद्दाम चुकीचं काहीतरी म्हणून दाखवलं, ते सुधारतील म्हणून. त्यांनी नुसती मान हलवली.

शेवटी परवा न राहवून सरळ विचारलं, "अप्पा, मजशीं मराठी कां बोलत नाहीं तुम्हीं?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. टोमणा मारत असतील म्हणून मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. तसं काही नव्हतं. ते मनापासून, माझ्या भल्याचं सांगावं तसं, तमिळमध्ये म्हणाले, "तुझं मराठी आता किती छान झालंय. माझं ऐकून ते पुन्हा बिघडायला नको."